सर, तुम्ही पाहिलंय का?

कांजूरमार्गच्या एका शाळेतलं अवकाश शिबिर. सामान असं: शीतपेयाच्या दोन-दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या, सायकलचा पंप, जुन्या ट्यूबमधून कापून काढलेले व्हॉल्व्ह, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि बादलीभर पाणी. अमेरिकेत हंट्सव्हिलला 1982 पासून स्पेस कँप चालतो. इस्रोनेही 2019 पासून नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ सुरू केलं, पण तिथे निवड होऊन जाणारी मुलं मोजकी. इथे आठवी-नववीच्या ज्या मुलांनी नावं दिली ती सगळी आली होती. आणि त्यांच्याच रांगेत, त्याच सतरंजीवर, शिक्षक बसले होते. शिबिर घेणारी मंडळी हौशी आकाशनिरीक्षक. त्यांची एकच अट होती: शिक्षकांनी देखरेख करायची नाही, रॉकेट बनवायचं.

पहिली बाटली कोरडीच उडवली. नुसती हवा भरलेली. फट्‌ करून जेमतेम उडाली आणि आडवी झाली. दुसरी कोणीतरी उत्साहाने गळ्यापर्यंत पाण्याने भरली. ती तर जागेवरच भिजून बसली, कारण दाबायला हवेला आत जागाच उरली नव्हती. साधारण एक तृतीयांश पाणी भरलेली तिसरी मात्र सुसाट गेली. दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ होता, पण बाटलीत पाणी का लागतं हे आधी एकालाही सांगता आलं नव्हतं. यात विज्ञानाच्या बाईही आल्या.

खरी गंमत पुढे. उंची मोजायची कशी? कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवायचा, मधल्या भोकातून दोरा ओवून टोकाला नट बांधायचा. रॉकेटपासून 20 मीटरवर उभं राहून ते सर्वांत वर पोचल्यावर स्ट्रॉमधून बघायचं आणि दोरा बोटाने दाबून धरायचा. एका गटाचा दोरा 40 अंशांवर आला. नववीतल्या मुलीने टॅनच्या कोष्टकात बघून सांगितलं, 16.8 मीटर. पीटीचे सर म्हणाले, शक्यच नाही, ते शेजारच्या इमारतीच्या सातव्या मजल्यापर्यंत गेलं होतं. बराच वेळ हुज्जत. शेवटी पीटीच्या सरांनीच कोनमापक आडवा धरला. समोर सरळ बघतानाही दोरा 90 दाखवत होता! म्हणजे वाचलेला आकडा 90 मधून वजा करायचा. कोन 50, उंची 23.8 मीटर, वर डोळ्याची उंची. सात मीटरांचा फरक एका वजाबाकीचा. या सरांना गणित येत नाही अशी शाळेत समजूत होती म्हणे.

दुपारी ‘प्रथम’ची गोष्ट निघाली. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, सुमारे दहा किलो वजनाचा उपग्रह. 26 सप्टेंबर 2016 रोजी पीएसएलव्ही-सी35 मधून तो गेला. आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजणं हे त्याचं काम. आयआयटीला जायला कांजूर हेच जवळचं स्टेशन. बाहेर रिक्षावाले रोज ज्या नावाने भाडं पुकारतात तिथेच उपग्रह तयार झाला, हे काही मुलांना पटेचना. एकाने विचारलं, “तिथे आत सोडतात का?” वक्त्याकडे याचं उत्तर नव्हतं.

रात्र वांगणीला. कांजूरला धीम्या गाड्याच थांबतात, म्हणून ठाण्याला उतरून कर्जत लोकल. 1985 साली हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने वर्षानुवर्षं इथे रात्रभराची आकाशदर्शनं घेतली, त्यामुळे मुंबईकर हौशी मंडळींना वांगणी नवी नाही. आता बदलापूरच्या बाजूचं आकाश तांबूस असतं, पण डोक्यावर अजून खरा काळोख मिळतो. टॉर्चना लाल जिलेटीनचा कागद लावलेला. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक झगमगाट ती सगळी वाया घालवतो. पहिल्या तासात हा गुन्हा मुलांपेक्षा शिक्षकांनीच जास्त केला.

मृगातला तेजोमेघ दुर्बिणीत आला तेव्हा रांगेत नाराजी पसरली. पुस्तकात गुलाबी-जांभळा, इथे नीट न पुसलेल्या फळ्यावरच्या खडूसारखा राखाडी. “सर, तुम्ही पाहिलंय का हे आधी?” इतिहासाच्या सरांना कोणीतरी विचारलं. “चित्रातच,” सर म्हणाले. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेरा मात्र बराच वेळ उघडा ठेवून प्रकाश साठवतो, असं स्वयंसेवकाने सांगितलं. हा उजेड सुमारे तेराशे वर्षांपूर्वी निघाला म्हटल्यावर सरांची कळी खुलली. तेव्हा आपल्याकडे बदामीचे चालुक्य! मग दुर्बिणीची रांग सोडून चार पोरं त्यांच्याभोवती जमली.

गुरूपाशी भांडण झालं. वहीत गोल काढून चंद्रांचे ठिपके द्यायचे होते. आठवीतल्या एका मुलीने तीनच ठिपके दिले. विज्ञानाच्या बाईंनी लाल टॉर्च धरून वही पाहिली, म्हणाल्या, “गॅलिलिओने चार पाहिले, चौथा राहिला गं.” ती म्हणाली, “बाई, तीनच आहेत.” बाईंनी स्वतः डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि काही न बोलता वही परत दिली. स्वयंसेवकांना कारण ठाऊक होतं, ते मुद्दाम गप्प राहिले. मला हे त्यांचं गप्प राहणं शिबिरातलं सर्वांत चांगलं काम वाटतं. पहाटे दोनच्या सुमारास गुरूच्या कडेलगत चौथा ठिपका उगवला. तो मागे लपला होता. मुलीने त्याच पानावर दुसरा गोल काढला, वेळ लिहिली. बाईंनी तोवर स्वतःची वही काढली होती.

परतीच्या गाडीत चर्चा अंतराळ स्थानकाची. 2025 च्या जूनमध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथे पोचले तेव्हापासून मुलांना ते ओळखीचं झालंय. सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, दीड तासात एक फेरी. आणि ते बघायला वांगणी लागत नाही, कांजूरच्या उजळलेल्या आकाशातही दिसतं. फक्त सूर्य मावळल्यानंतर किंवा उगवण्याआधी, खाली अंधार आणि वर त्याच्यावर ऊन असताना. चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतं, कधी पृथ्वीच्या सावलीत शिरून मध्येच विझतं.

बाईंनी पुढच्या आठवड्यातली संध्याकाळची एक वेळ फोनवर शोधून ठेवली: 7 वाजून 4 मिनिटं. अडचण एवढीच की शाळेच्या गच्चीची किल्ली शिपायाकडे असते आणि तो साडेसहाची कसारा लोकल पकडतो. त्याला चहा पाजायचा की मुख्याध्यापिकांना अर्ज द्यायचा यावर ठाणं येईपर्यंत दोन तट पडले होते. पीटीचे सर म्हणाले, अर्ज द्या, पण त्यात दुर्बीण शब्द घालू नका, नाहीतर खर्चाचा तक्ता मागतील.