पक्षिविशेषः

संस्कृत शिकवितांना चक्रवाकाचें नांव मीं कितीदां उच्चारलें असेल, याची गणती नाहीं. सूर्यास्त होतांच या जोडप्याचा वियोग होतो आणि नदीच्या दोन तीरांवरून तीं दोघें रात्रभर परस्परांस साद घालतात, हा कविसंकेत मीं वर्षानुवर्षें पाठ करून घेतला. टीकाकार 'पक्षिविशेषः' म्हणून मोकळे होतात; मीही तितकेंच सांगत आलों. परंतु "आजोबा, तुम्ही तो पाहिला आहे का?" असें नातवानें एकदां विचारलें, आणि मी निरुत्तर झालों.

म्हणून यंदा फाल्गुनाच्या आरंभीं आम्ही दोघे नांदूर-मध्यमेश्वरास गेलों. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशीं विसाव्या शतकाच्या आरंभीं पाटाच्या पाण्यासाठीं बंधारा घातला गेला. पुढें त्यामागें गाळ सांचून जलाशय उथळ झाला, बेटें तयार झालीं, लव्हाळें माजलें. शेतीच्या पाण्याची ती हानि पक्ष्यांस पर्वणी ठरली! १९८६ सालीं येथें अभयारण्य झालें. रामसर यादींत आलेली ही महाराष्ट्रांतील पहिली पाणथळ भूमि होय.

उजाडतां उजाडतां आम्ही चापडगांवच्या काठीं पोहोंचलों. जांभळ्या पाणकोंबड्या, लांब तांबड्या पायांचे शेकाटे, पसरट चोचीनें पाणी गाळणारीं थापट्या बदकें पाहून नातू हरखून गेला. इतक्यांत 'आंग्, आंग्' असा सानुनासिक स्वर आला. गाळाच्या बेटावर भगव्या वर्णाची एक जोडी शेजारीं शेजारीं उभी होती. तेच चक्रवाक!

"हे रात्रींही चरतात, आणि एकमेकांस हांका मारतात," वाटाड्या म्हणाला. म्हणजे प्राचीन कवींनीं हांक खरोखर ऐकली होती. वियोग तेवढा कल्पिला. मीं मात्र कांहींच न ऐकतां दोन्ही शिकविलें!

चैत्र उजाडला कीं हे पाहुणे विणीसाठीं लडाख, तिबेट व मध्य आशियाकडे निघतात. तेव्हां वाचकांनीं मुलांनातवंडांस घेऊन त्यापूर्वींच जावें. पहांटे निघावें, भडक वस्त्रें टाळावीं, सूर्य पाठीशीं ठेवावा. पक्षी उडवून पाहण्याची हौस मात्र करूं नये. दूरच्या प्रवासासाठीं सांठविलेली शक्ति त्यांत व्यर्थ जाते.

घरीं आल्यावर मीं जुनी टिपणवही काढली आणि 'पक्षिविशेषः' या शब्दापुढें त्या दिवसाची तिथि घातली.