मेंढ्या बसल्या की रान खतावतं

पिकं निघाली, रानं मोकळी झाली की बीडच्या कोरडवाहू पट्ट्यात धनगरांचे कळप उतरतात. शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो. रात्री कळप जाळीच्या वाड्यात कोंडायचा, काही दिवसांनी वाडा पुढच्या तुकड्यात हलवायचा. खत वाहून आणायची गरजच नाही! शिवाय गोठ्यात वाया जाणारं मूत्र इथे थेट मातीत मुरतं, आणि नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो. मात्र लगेच कुळवाची पाळी द्यायला हवी. उन्हात नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

चांगल्या शेणखतात नत्र सुमारे 0.5 टक्के, तर शेळ्या-मेंढ्यांच्या लेंडीत सुमारे 3 टक्के.

सशाची लेंडीही याच जातकुळीतली. ती कोरडी, घट्ट असते, हळूहळू विरघळते, म्हणून कुंडीत थोडी थेट घातली तरी चालते. कोंबडीखताला मात्र ही मुभा नाही. ताजं घातलं तर मुळं करपतात. ते कुजवूनच वापरावं.

बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटाच्या हलक्या, मुरमाड जमिनीत वाढणाऱ्या या झाडाला पावसाळ्याच्या तोंडावर आळ्यात कुजलेलं लेंडीखत द्यावं. अशा मातीत पाणी टिकत नाही. सेंद्रिय खत ते धरून ठेवतं, आणि पावसाने ओढ दिली की हाच ओलावा कामी येतो.

लेंडी न कुजवता टाकण्यात एक धोका आहे. शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या लेंडीतून वेड्या बाभळीचं बी शाबूत बाहेर पडतं आणि बांधावर उगवतं.