रोज चढणारा टोप

ईस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरकडे येताना ‘पांजरापोळ’ अशी पाटी लागते. आणिक–पांजरापोळ जोडरस्त्यावरच्या बोगद्यातून दिवसभर गाड्या जातात, वाहतुकीच्या बातम्यांत हे नाव सकाळ-संध्याकाळ कानावर पडतं. पांजरापोळ म्हणजे म्हाताऱ्या गाईंची जागा, एवढं मुंबईकराला माहीत असतं. पण मुंबईत या संस्थेची गोष्ट सुरू झाली ती गाईंमुळे नाही, कुत्र्यांमुळे.

१८३२ साल. मोकाट कुत्रे मारावेत आणि कुत्र्यामागे आठ आणे घ्यावेत, असा कंपनी सरकारचा हुकूम होता. आठ आणे ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. त्या लोभानं कुत्रे धरणारे लोक घरांत शिरून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. ६ जूनला फोर्टात पारशी मंडळी त्यांच्यावर धावून गेली. पारशांत कुत्र्याचं स्थान मोठं. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडल्याशिवाय अंत्यविधी पुरा होत नाही, त्या विधीला सगदीद म्हणतात. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात उतरले आणि किल्ल्यातल्या गोऱ्या पलटणीला पाव-पाणी मिळेना. धरपकड झाली, खटले झाले, पण सरकारलाही नमतं घ्यावं लागलं. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातल्या जैन शेठियांनी भुलेश्वरात पांजरापोळ काढला. कुत्री मारू नका, आमच्याकडे द्या, आम्ही सांभाळतो, हा त्यामागचा विचार.

मला यात दयेपेक्षा हिशेब जास्त मोठा वाटतो. त्या व्यापाऱ्यांनी नुसती जागा आणि एकरकमी देणगी देऊन हात झटकले नाहीत. कापसासारख्या मालाच्या व्यापारावर त्यांनी स्वतःहून पट्टी बसवली. सौदा झाला की त्यातला ठरलेला वाटा पांजरापोळाला. कुणाला त्या दिवशी कळवळा आला का, याचा प्रश्नच नाही. जनावर रोज खातं, तेव्हा पैसाही रोज यायला हवा, हे जमाखर्चात मुरलेल्या माणसांना सांगावं लागलं नसणार. पुढं पांजरापोळ गाई-गुरांचाच झाला आणि कुत्रा त्यातून हळूहळू बाहेर पडला. कुत्र्यासोबत ती पट्टीही सुटली, आणि आज अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड पसरलेल्या उपनगरांत कुणी कुत्र्यांचा आसरा चालवत असेल, तर त्याच्या सगळ्या विवंचनांचं मूळ तिथं सापडतं.

अशा जागेला सगळे ‘शेल्टर’च म्हणतात. गाळ्यांच्या मागची पत्र्याची शेड, खाडीकडेचा भाड्याचा तुकडा, कुणाच्या वडिलोपार्जित वाडीतला कोपरा. शहराच्या हद्दीत भाडं परवडत नाही आणि भुंकण्याची तक्रार पहिल्याच आठवड्यात येते, म्हणून शेल्टरं वसई, भिवंडी, कर्जतकडे सरकत जातात. जखमी कुत्रा सापडतो अंधेरीत, राहायला जातो चाळीस-पन्नास किलोमीटर लांब, आणि त्याच्या मागोमाग तांदळाची पोतीही.

आत कोण असतं? नसबंदीसाठी आणलेली कुत्री वेगळी. त्यांचा कायदा आहे. १९९० च्या दशकात मुंबईनं कुत्री मारणं सोडून नसबंदी धरली, १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याची चौकट घालून दिली, २००१ मध्ये देशभरासाठी नियम आले आणि २०२३ मध्ये ते नव्यानं लिहिले गेले. परळची १८७४ पासूनची बीएसपीसीए, महालक्ष्मीची ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’, मालाडची ‘अहिंसा’, देवनारची ‘इन डिफेन्स ऑफ ॲनिमल्स’ अशा संस्थांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. महापालिका शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम देते. पकडणं, ऑपरेशन, लस, चार-पाच दिवसांचं जेवण हे सगळं त्यातच बसवायचं आणि कुत्रा जिथून उचलला तिथंच सोडायचा. २०१४ च्या गणनेत शहरात ९५,१७२ कुत्री होती, २०२४ च्या पाहणीत ९०,७५७. दहा वर्षांत माणसं आणि कचरा वाढत असताना कुत्र्यांचा आकडा खाली आला, ही या पद्धतीची पावतीच म्हणायची.

शेल्टरात उरतात ती मात्र या हिशेबात न बसणारी. लोकलखाली पाय गेलेला. रिक्षा कमरेवरून गेल्यानं मागचं अंग ओढत चालणारा, ज्याची लघवीसुद्धा रोज हातानं पोट दाबून काढावी लागते. डिस्टेंपरमधून वाचलेला, पण मान सतत झटकणारा. दोन्ही डोळे गेलेली म्हातारी. भाडेकरारात कुत्रा चालत नाही म्हणून गेटाला बांधून ठेवलेला लॅब्राडॉर. यांना ‘जिथून उचलला तिथं’ सोडता येत नाही. बोरिवली, मुलुंड किंवा आरेच्या कडेला तर मुळीच नाही: राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा आहे आणि ते वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्री खात असावेत, असा अंदाज २०१८ मध्ये एका अभ्यासानं मांडला होता. तीन पायांचा कुत्रा तिथं एक रात्र काढणार नाही. म्हणजे ही कुत्री आता मरेपर्यंत शेल्टरचीच. आणि या मुक्कामासाठी कुठल्याही खात्यात रकाना नाही.

आता स्वयंपाकघर. गावठी कुत्र्याचं वजन साधारण १५ किलो धरलं, तर पशुवैद्यकाच्या सूत्रानं त्याला दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी लागतात. त्या दीडशे ग्रॅम कोरडा तांदूळ आणि दोनशे ग्रॅम कोंबडीच्या माना-पायांतून भागतात. शंभर कुत्र्यांचं शेल्टर घेऊ. रोज १५ किलो तांदूळ, २० किलो कोंबडी. अख्खा तांदूळ कोण घेणार, कणीच घ्यायची. ती ३५ रुपये किलो धरू. माना-पाय ६० रुपये. चार-पाच किलो लाल भोपळा, गाजर, हळद यांचे दोनशे. १९ किलोचा गॅस सिलिंडर पाच-सहा दिवसांत संपतो, त्याचे दिवसाला तीनशे. झाले सव्वादोन हजार. महिन्याला सत्तर हजारांच्या आत-बाहेर, तेही औषध, डॉक्टर, भाडं, पाणी, वीज आणि पगार बाजूला ठेवून. भाव माझ्या अंदाजाचे आहेत. कुणी पाच रुपये कमी-जास्त धरील, टोपाचा आकार त्यानं बदलत नाही.

सकाळी मोठा टोप चढतो. आधी माना-पाय उकळायचे, त्याच पाण्यात कणी आणि भोपळा, वरून हळद. मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. कांद्यानं कुत्र्याचं रक्त बिघडतं. शिजल्यावर खरी परीक्षा म्हणजे निववणं. गरम घातलं तर तोंडं पोळतात, झाकून ठेवलं तर पावसाळ्यात दुपारपर्यंत आंबतं. मोठ्या परातींत पसरायचं, हातानं कालवून हाडं तपासायची आणि मग ताटल्या. एकत्र वाढलं की दांडगे खातात आणि भित्रे उपाशी राहतात, म्हणून जाळ्या वेगळ्या, वेळा वेगळ्या. मूत्रपिंड गेलेल्याला कोंबडी कमी आणि अंड्याचा पांढरा भाग. ऑपरेशन झालेल्याला जास्त. दात पडलेलीला मऊ गुरगुटा. आणि एखादा असा असतोच की जो ठरलेल्या माणसानं भरवल्याशिवाय तोंड लावत नाही. तो माणूस सुट्टीवर गेला की पंचाईत. पोत्यांना उंदीर लागले तर नुसता तांदूळ जात नाही, लेप्टो येतो.

या टोपातलं पंचांग मजेशीर आहे. माना, पाय, मुंड्या येतात त्या चिकनवाल्याकडून, म्हणजे माणसांनी जितकं चिकन खाल्लं त्या प्रमाणात. बुधवार, शुक्रवार, रविवार माल भरपूर. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा वार, त्यामुळे टोपात सोयाबीनच्या वड्या वाढतात. गटारीला कोंबडीचा पूर येतो आणि दुसऱ्याच दिवशी श्रावण लागतो. या मालाला दुसरे गिऱ्हाईकही आहेत: ठाणे-पालघरच्या तळ्यांत बंदी असलेला मांगूर मासा चोरून वाढवणारे हाच टाकाऊ माल उचलतात. फेकून द्यायची वस्तू विकली जाऊ लागली की आधी फुकट मिळणाऱ्याला ती मिळेनाशी होते.

त्याहून नाजूक गोष्ट देणगीदारांची. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत जीवदयेच्या नावानं सढळ हातानं देणारी जैन आणि गुजराती घरं आहेत. त्यांच्याशिवाय उपनगरातली निम्मी शेल्टरं उभीच राहिली नसती, असं मला वाटतं. त्यांची अट सरळ असते: आमच्या पैशानं कोंबडी नको. एका जिवाला वाचवायला दुसरा मारायचा का, या प्रश्नाला शेल्टरवाल्याकडे पटेल असं उत्तर नसतं. मग वह्या दोन होतात. या पैशाचा तांदूळ, भोपळा, औषधं. त्या पैशाची कोंबडी. कुत्रा लांडग्यापेक्षा पिष्ट पदार्थ फार चांगले पचवतो, हे २०१३ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. माणसाच्या भाकरीच्या सोबतीनं हजारो वर्षं राहिल्याची ती खूण. म्हणून भात-सोयाबीनवर निरोगी कुत्रा निभावून नेतो. जखम भरून यायच्या कुत्र्याचं मात्र तेवढ्यावर भागत नाही.

आणि लोक प्रेमानं काय आणतात? बिस्किटं. पार्ले-जीचा पुडा हा मुंबईच्या कुत्र्याचा जणू राजमान्य खाऊ. पार्ल्याचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तरी पुडे येतच राहिले. मैदा आणि साखर, पोट भरल्याचा भास, बाकी काही नाही. दूध आणतात, मोठ्या कुत्र्यांना त्यानं जुलाब होतात. लग्नाच्या हॉलवरून रात्री अकराला फोन येतो: पन्नास माणसांचं पनीर उरलंय, पाठवू? त्यात तेल, मसाला, कांदा. ‘नको’ म्हटलं तर माणूस दुखावतो आणि पुढच्या वेळी तांदूळ द्यायलाही येत नाही. शेल्टर चालवणाऱ्याला कुत्र्यांपेक्षा माणसांची मनं जास्त सांभाळावी लागतात ती अशी. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन नामदेव मागं धावले, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण त्यांच्यासमोर कुत्रा एकच होता.

पैसे येतच नाहीत असं नाही. विहिरीतून काढलेल्या पिल्लाचा व्हिडिओ टाकला की रात्रीतून ऑपरेशनची रक्कम जमते, कधी गरजेपेक्षा जास्तच. तेच पिल्लू तीन वर्षांनी लंगडत, धडधाकट, रोज दीडशे ग्रॅम तांदूळ खात बसलेलं असतं, तेव्हा त्याचा व्हिडिओ कोण बघणार? देणगी प्रसंगाला मिळते आणि खर्च सवयीचा असतो. मोठ्या कंपन्यांच्या सीएसआर निधीला २०१३ च्या कायद्यानं प्राणिकल्याण चालतं, पण कंपन्यांना अँब्युलन्स आवडते, कारण तिच्यावर नाव रंगवता येतं. कणीच्या पोत्यावर काय रंगवणार?

सरकारला रोजचा खर्च समजत नाही असंही म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रानं देशी गाईला राज्यमाता म्हटलं आणि गोशाळांना गाईमागे दिवसाला ५० रुपये ठरवले. रक्कम पुरेशी आहे का, हा वाद वेगळा. पण दिवसाचा, डोईमागे, नियमित पैसा ही कल्पना त्यात आहे, म्हणजे १८३४ चीच. कुत्र्याच्या वाट्याला तशी ओळ नाही. मेल्यानंतरची सोय मात्र झाली: मालाडला २०२३ मध्ये महापालिकेनं लहान प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली. ती हवीच होती, त्याबद्दल कुरकुर नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे सगळं उघडं पडलं. हॉटेलं, चायनीजच्या गाड्या, चिकनची दुकानं बंद. रस्त्यावरची कुत्री उपाशी. प्राणिकल्याण मंडळानं राज्यांना पत्रं लिहून खाऊ घालणाऱ्यांना अडवू नका असं कळवलं, पण लोकलच बंद म्हटल्यावर विरारहून येणारा स्वयंपाकी अंधेरीला पोचणार कसा? जिथं एखादा माणूस शेल्टरातच झोपत होता, तिथं टोप चढत राहिला.

आता प्रश्न आणखी मोठा होऊ घातला आहे. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून शेल्टरात टाकायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदलून नसबंदी, लस आणि परत सोडणं कायम ठेवलं, पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळून. मग ७ नोव्हेंबरला आदेश आला की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचला आणि पुन्हा तिथं सोडू नका. चावा घेतलेल्या मुलाच्या आईला हा आदेश उशिराच आला असं वाटेल आणि तिचं चूक म्हणता येणार नाही. रेबीज झाला की माणूस वाचत नाही. पण मुंबईतल्या दहांतल्या एका कुत्र्याला जरी कायमचं आत घ्यायचं ठरलं, तरी ती नऊ हजार होतात. रोज साडेतेराशे किलो तांदूळ, अठराशे किलो कोंबडी, दिवसाला दोन लाख रुपये.

दोन लाख हा आकडा २२ ऑगस्टच्या आदेशातही आहे. न्यायालयात आलेल्या कुत्राप्रेमींनी प्रत्येकी २५ हजार आणि संस्थांनी दोन लाख भरावेत, त्यातून भटक्या कुत्र्यांसाठी सोयी उभाराव्यात, असं त्यात म्हटलं होतं. शंभर कुत्र्यांच्या शेल्टरात एवढ्या रकमेत तीन महिने टोप चढतो. भाडं आणि डॉक्टर धरले तर एक.