बी लिंबाची लावा, पपनसाची नको

‘बियांचं झाड मूळ झाडावर जात नाही, कलमच लावा’ हा सल्ला तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्यात पपनसाला लागू पडतो, कागदी लिंबाला नाही. लिंबाच्या एकाच बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब वर येतात. त्यांतले बहुतेक परागाविना, मातृवृक्षाच्याच पेशींतून घडलेले, म्हणजे हुबेहूब त्याच वाणाचे असतात. पपनसाच्या बीत मात्र एकच, संकरातून आलेला गर्भ. बियांच्या झाडाला फळ उशिरा धरतं, काटेही जास्त येतात, ही तक्रार खरीच. पण लिंबूवर्गातले बहुतेक विषाणू बियांतून उतरत नाहीत, हा फायदा मला मोठा वाटतो. बी न वाळवता ताजीच पेरावी आणि सगळ्यांत खुजा कोंब उपटावा. बऱ्याचदा तोच संकरज असतो.