शिवारातील पक्षिनिरीक्षण व छायाचित्रण

शेत, विहीर, बांध, गोठा आणि घराभोवतालची झाडे यांच्या परिसरात वावरणाऱ्या वन्य पक्ष्यांचे नियमित निरीक्षण करणे व त्यांची लेखी आणि छायाचित्ररूप नोंद ठेवणे, यास शिवारातील पक्षिनिरीक्षण म्हणतात. अभयारण्यातील भेट काही तासांची असते. शिवारात मात्र एकच जागा वर्षानुवर्षे पाहता येते. त्यामुळे पक्ष्यांचे आगमन, विणीचा हंगाम व वर्तन यांचा सलग अभ्यास शक्य होतो.

अशा अभ्यासाचे प्रसिद्ध उदाहरण सलीम अली (१८९६–१९८७) यांचे आहे. १९३०च्या सुमारास त्यांनी रायगड जिल्ह्यातील किहीम येथील आपल्या घराजवळ सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादीने ते पसंत केल्यावर पूर्ण करतो आणि नंतर दुसरे घरटे बांधून दुसऱ्या मादीशी जोडी जमवतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आढळणारे पक्षी

महाराष्ट्रातील शिवारात नांगरटीने उघडे पडलेले किडे टिपण्यासाठी गायबगळे, साळुंक्या व कोतवाल जमतात. तारांवर वेडा राघू बसतो, जुन्या झाडांच्या ढोलीत पिंगळा राहतो, तर गव्हाणी घुबड उंदीर खाऊन शेतकऱ्यास उपयोगी पडते. पावसाच्या सुमारास चातक येतो. हिवाळ्यात धोबी दिसतो.

पद्धती व साधने

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास निरीक्षणास उत्तम असतात. ८ × ४२ मापाची दुर्बीण सोयीची ठरते. छायाचित्रणासाठी ३०० ते ४०० मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग वापरतात. उडता पक्षी टिपण्यास सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी उद्भासनकाळ लागतो. गोणपाटाचे साधे लपण पुरेसे असते. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, संख्या व वर्तन लिहितात. अशा नोंदी 'ईबर्ड' या संकेतस्थळावर किंवा फेब्रुवारीतील 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या गणनेत देता येतात.

घरट्यांची सुरक्षितता

टिटवी उघड्या जमिनीवर, बहुधा चार अंडी घालते. उन्हाळ्यात ती पोटाची पिसे भिजवून अंड्यांना गारवा देते. छायाचित्रकार जवळ थांबल्यास ती घरट्यापासून दूर राहते. अंडी उन्हात तापून आतील जीव दगावू शकतो, तसेच कावळ्यांचे लक्ष वेधले जाते. म्हणून पक्षी ओरडू लागताच मागे सरणे, पाने वा फांद्या न तोडणे, फ्लॅश न वापरणे आणि ध्वनिमुद्रित आवाजाने पक्ष्यास न बोलावणे, हे संकेत पाळले जातात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणेही समाविष्ट आहे.