खलाशी, कैदी आणि एकशे सातवं स्तोत्र

रे रोड स्टेशनवर उतरून पूर्वेला निघालं की दारूखाना लागतो. इथे जहाजं तोडतात. भरतीच्या पाण्यावर चिखलात आणून बसवलेलं धूड गॅसकटरच्या ज्वाळेखाली पत्रा पत्रा सुटं होत जातं. नांगर, साखळ्या, पाइप गोदामांपुढे रचलेले असतात. दर्यावर पोट असणाऱ्या माणसांवर रचलेलं एक फार जुनं गीत आठवायला मुंबईत याहून चांगली जागा नसावी. ते बायबलातल्या स्तोत्रसंहितेत आहे, एकशे सातवं.

स्तोत्रसंहिता म्हणजे दीडशे हिब्रू गीतं, पाच भागांत लावलेली. त्यांतल्या ७३ गीतांवर दाविदाचं नाव आहे. सर्वांत छोटं दोन वचनांचं, सर्वांत मोठं १७६ वचनांचं. या बंदरपट्टीला ती परकी नाहीत. माझगावच्या चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी वाचनांच्या मध्ये स्तोत्र येतं आणि त्याचं पालुपद सगळे मिळून म्हणतात. दाविदाला, म्हणजे दाऊदला, जबूर हा ग्रंथ दिला असं कुराणात आहे, म्हणजे दारूखान्यातल्या मुसलमान कामगारालाही दावीद अनोळखी नाही. आणि रे रोडहून सीएसएमटीकडे तिसरं स्टेशन मशीद. तिथल्या सॅम्युअल स्ट्रीटवर घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग आहे.

एकशे सातव्या स्तोत्रात संकटात सापडलेल्या माणसांचे चार जथे येतात: रानात वाट चुकलेले, अंधारात बेड्या घालून बसलेले, अन्नावरची वासना उडालेले आजारी, आणि गलबतांवरून व्यापाराला गेलेले. पालुपद चौघांनाही तेच: त्यांनी हाक मारली आणि त्याने सोडवलं. खलाशांचा भाग लिहिणाऱ्याने वादळ अंगावर घेतलं असावं. लाट माणसांना आभाळापर्यंत चढवते आणि तळाकडे फेकते. ती दारुड्यासारखी झोकांड्या खातात आणि आजवरचं सगळं कसब कुचकामी ठरतं. मग वारा पडतो, आणि हवं होतं ते बंदर येतं.

हिब्रू हस्तलिखितांत या स्तोत्रापाशी एक गंमत आहे. नून नावाचं अक्षर उलटं करून काढलेली खूण सगळ्या हिब्रू बायबलात मिळून नऊ ठिकाणी दिसते, आणि त्यांतल्या सात खुणा या एका स्तोत्रात आहेत, बहुतेक खलाशांच्या आसपासच. शेकडो वर्षं लेखनिकांनी त्या इमानाने उतरवून घेतल्या. कशासाठी, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही.

मला मात्र याहून अचंबा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कैदी आणि आजारी स्वतःच्या चुकीने तिथे पोचले, असं गीत स्पष्ट सांगतं. वाट चुकलेल्यांच्या आणि खलाशांच्या माथी मात्र कसलाच दोष नाही. तरी चौघांची सुटका एकाच शब्दांत. हाक ऐकण्याआधी हा देव पंचनामा करत बसत नाही. आणि खलाशांवरचं वादळ कोणी उठवलं? त्यानेच, हेही गीत लपवत नाही. बुडवू पाहणारा आणि तारणारा एकच, हे इतक्या सरळ सांगणारा भक्त देवाची वकिली करत नसतो, हे नक्की.

तालमूद या ज्यू ग्रंथाच्या पंडितांनी याच चार जथ्यांवरून एक रीत बसवली. समुद्र किंवा वाळवंट पार करून आलेल्याने, दुखण्यातून उठलेल्याने, कैदेतून सुटलेल्याने चारचौघांत देवाचे आभार मानायचे. बेने इस्रायलींची गोष्ट या यादीशेजारी ठेवून पाहा. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे त्यांच्यातले सॅम्युअल इझिकेल दिवेकर कंपनीच्या फौजेत अधिकारी झाले आणि टिपूच्या कैदेत पडले. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा त्यांचा नवस होता असं सांगतात. सुटले, आणि १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. तेच हे सॅम्युअल स्ट्रीटवरचं, शाआर हारहमीम, दयेचं दार. चारांतले दोन जथे, दर्यातून वाचलेले आणि कैदेतून सुटलेले, एका छोट्या मराठी समाजाच्या आठवणीत सापडतात.

पण सगळेच सुटत नाहीत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र पाहा. माणूस रात्रंदिवस हाका मारतो, देवाने तोंड का फिरवलं म्हणून विचारतो, आणि उत्तर येतच नाही. हिब्रूत या गीताचा अखेरचा शब्द अंधार हा आहे. संकलन करणाऱ्यांना ते सहज वगळता आलं असतं. शेवटी दिलासा देणारं एखादं वचन चिकटवता आलं असतं. त्यांनी यांतलं काहीच केलं नाही. तक्रार तशीच्या तशी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. त्यांच्या लेखी देवाशी भांडणारा माणूस अश्रद्ध नव्हता. भांडतोय म्हणजे समोर कोणीतरी आहे हे त्याने धरूनच चाललंय.

विठोबाला फैलावर घेणाऱ्या जनाबाईच्या आणि तुकोबांच्या भाषेत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं म्हणत.

मराठी बायबलात स्तोत्रसंहिता साधारण मधोमध सापडते. एकशे सातवं आणि अठ्ठ्याऐंशीवं ही दोन स्तोत्रं एका बैठकीत वाचा, आणि वाचताना मोठ्याने वाचा. ती गायची गीतं आहेत.