इम्प्लांटला कीड लागत नाही, पण हाड झिजते

आमच्या ओळखीच्या एका खालांनी चार वर्षांपूर्वी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून घेतले. मुलाने आखातातून पैसे पाठवले होते. परवा सहज म्हणाल्या, "ब्रश करताना थोडं रक्त येतं, पण दुखत नाही. आणि स्क्रूला कुठे कीड लागते?" कीड लागत नाही, हे खरे. पण दुखत नाही, तिथेच तर फसगत होते.

टायटॅनियम जिवंत हाडाला घट्ट धरते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशांवरच्या प्रयोगात लक्षात आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. मात्र हा स्क्रू म्हणजे हुबेहूब दात नव्हे. आपल्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात आणि हिरडीचे तंतूही मुळात रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती हिरडी नुसती वेढून बसते. त्यामुळे कडेला जंतूंचा थर साचला की सूज लवकर खोल उतरते.

सुरुवातीला फक्त हिरडी सुजते, रक्त येते. या टप्प्यावर नीट सफाई झाली तर बहुधा सगळे पूर्ववत होते. दुर्लक्ष केले तर हाड झिजू लागते. डॉक्टर याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. स्क्रूचे खालचे टोक हाडात पक्के असते, म्हणून तो हलत नाही. हलू लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता हाडाची भर घातलेल्यांचा प्रश्न. दात काढून बरीच वर्षे गेली की तिथले हाड आटते, मग डॉक्टर भर घालतात. ती रुग्णाच्याच हाडाची, दुसऱ्या माणसाच्या, जनावराच्या किंवा कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची असते. जनावराची भर बहुधा गाय-बैलाच्या हाडापासून केलेली असते, पण डुकरापासून बनवलेलीही मिळते. म्हणून ऑपरेशनपूर्वीच विचारून घ्यावे. त्यात संकोच कसला? पर्याय असतात.

भर चांगली जुळली तर त्यातही इम्प्लांट वर्षानुवर्षे टिकतात. जंतू मात्र हाड मूळचे की भरलेले, हे पाहत नाहीत. आम्हाला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. हिरडीच्या आजाराने ज्यांचे दात गेले, त्यांचेच हाड बहुधा कमी उरते आणि त्यांनाच भर लागते. तोंड तेच, सवयी त्याच. अशा माणसाला पेरी-इम्प्लांटायटिसचा धोका मुळातच जास्त. त्यात सिगारेट किंवा ताब्यात नसलेली शुगर असेल तर आणखी भर पडते. आमच्याकडच्या बायका मिश्री लावतात, तीही तंबाखूच. तिला दात घासणे म्हणू नये. मिस्वाक अवश्य करावी, पण इम्प्लांटच्या फटीत ती पोहोचत नाही. तिथे बारीक इंटरडेंटल ब्रशच हवा.

गेलेले हाड परत आणणे अवघड. हिरडी उघडून सफाई करतात, कधी पुन्हा भर घालतात, पण पूर्ण भरून येईल याची खात्री नसते. म्हणून दर सहा महिन्यांनी, धोका जास्त असेल तर त्याआधीच, तपासणी करावी. कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे जपून ठेवावा. हाड किती उतरले, हे त्याच्याशी ताडूनच नक्की कळते. खालांचा एक्स-रे कपाटात, लग्नपत्रिकांच्या खाली सापडला. सोमवारी त्या तो घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहेत.